स्कीला स्किन लावून रिसॉर्टचा उतार चढायचा आहे: नियम आणि धोके?

जुळेसोलापूर_रनर
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आम्ही चौघं सोलापुरातून गुलमर्गला चाललोय. मध्यम उतारावर स्की सगळ्यांना जमतं. या खेपेला गोंडोलाऐवजी (केबल कार) स्किन, म्हणजे स्की मागं घसरू नये म्हणून तळाला चिकटवायची केसाळ पट्टी, लावून चढायचा बेत आहे, सामान तिथंच भाड्यानं घेणार. उतार बंद असताना, म्हणजे अगदी पहाटे किंवा संध्याकाळी गेलं तर वरून कुणी अंगावर येणार नाही, तेच जास्त सुरक्षित ना? पुढच्या हिवाळ्यात ऑस्ट्रियाही डोक्यात आहे, तिथं काय पद्धत असते? आणि आपल्या सपाट सोलापुरात सराव कुठं करायचा?

पांढरा_डोंगर
मालक, नेमकं उलटं आहे. लोकांसाठी उतार बंद झाला की तिथं यंत्रांचं काम सुरू होतं.

युरोप-अमेरिकेत तीव्र उतारावर बर्फ सारखा करणारं यंत्र विंचवर, म्हणजे दोरी गुंडाळून ओढणाऱ्या चरख्यावर, चालतं. बोटभर जाडीची पोलादी दोरी, हजार मीटरपर्यंत लांब, एक टोक वर खांबाला अडकवलेलं आणि ओढ चार टनांच्या आसपास. यंत्र टेकाडापलीकडं असतं, त्याचा दिवाही दिसत नाही. दोरी खोलगट जागी बर्फात गाडलेली असते, ताण आला की एकदम काही मीटर वर उसळते, वळणावर आडवीही झाडते. हेडलॅम्पच्या उजेडात ती दिसत नाही. तिच्या तडाख्यात माणसं गेलेली आहेत. म्हणून ‘विंच चालू’ अशी पाटी किंवा फिरता दिवा दिसला तर कडेकडेनं जाऊ म्हणायचं नाही, मागं फिरायचं.

दुसरं म्हणजे हिमस्खलन रोखण्यासाठी सुरुंग लावतात ते लिफ्ट सुरू व्हायच्या आधी, म्हणजे तुम्ही निवडलेल्या वेळेलाच. तिसरं कारण जिवाचं नाही, पण भांडण त्यावरूनच होतं. यंत्र फिरल्यावर बर्फ घट्ट व्हायला काही तास लागतात. तेवढ्यात कुणी त्यावरून उतरलं की चर पडतात आणि रात्रीत गोठून दगड होतात. सकाळी पहिला येणारा त्यात अडकतो.

ऑस्ट्रिया आणि बव्हेरियात बऱ्याच ठिकाणी चढणाऱ्यांसाठी वेगळी खुणावलेली वाट असते, काही जागी आठवड्यातली ठरावीक संध्याकाळ त्यांच्यासाठी राखलेली असते. अमेरिकेत पुष्कळ रिसॉर्ट चढाईचा वेगळा पास देतात. वाट आणि वेळ त्या दिवशीच्या बर्फावर बदलते, त्यामुळं कालची माहिती आज चालत नाही. सकाळी पाटी बघा, नाहीतर स्की पॅट्रोलला (उतारावरचं सुरक्षा पथक) विचारा. गुलमर्गलाही हेच: गोंडोलाच्या तळाशी पॅट्रोलला विचारल्याशिवाय निघू नका. खालच्या उतारावर पर्यटकांच्या स्नो स्कूटर आणि स्लेज यांच्याकडंही लक्ष ठेवा, त्यांना स्कीचे नियम माहीत नसतात.

होटगीरोड_स्की
वरच्यात भर. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे (एफआयएस) दहा नियम १९६७ पासून आहेत. सातवा सांगतो की पायी चढणाऱ्या-उतरणाऱ्यानं उताराच्या कडेनंच जावं. पाचवा: निघताना किंवा वर सरकताना आधी वर आणि खाली बघा. सहावा: अरुंद किंवा न दिसणाऱ्या जागी थांबू नका. वरून येणाऱ्यानं पुढच्याला सांभाळायचं हा तिसरा नियम आहे खरा, पण त्याच्या भरवशावर टेकाडाखाली उभं राहिलात तर नियम तुमच्या बाजूनं आणि मोडलेला पायही तुमचाच.

एकामागं एक चला, शेजारी-शेजारी गप्पा मारत नको. उतार ओलांडायचा तर वरून लांबपर्यंत दिसेल अशा जागी, एकेकानं, न थांबता. इअरफोन काढून ठेवा. नुसत्या बुटांनी चढू नका, पाय रुतून खड्डे पडतात.

आता सामान, कारण भाड्याच्या सामानात घोळ तिथंच होतो. दुकानातच तपासा:

स्किन स्कीपेक्षा किंचित अरुंद असावी, दोन्ही बाजूंची लोखंडी धार उघडी राहिली पाहिजे. धार झाकली तर कडक बर्फावर आडवं चालताना स्की घसरते. गोंद निघतो तो बहुधा स्कीच्या तळावर बर्फ राहिल्यानं. तळ खरवडून कोरडा करा, मगच चिकटवा, आणि काढलेली स्किन बॅगेत न टाकता जॅकेटच्या आत ठेवा. थंड गोंद धरत नाही. तरीही सुटली तर रबरी पट्ट्यानं आवळायची, असे दोन पट्टे प्रत्येकाकडं हवेतच.

पिनवाल्या बाइंडिंगचा (बूट स्कीला धरणारी पकड) पुढचा खटका चढताना लॉक असतो. उतरताना तो उतरायच्या स्थितीत आणा. विसरलात तर पडल्यावर स्की सुटत नाही, गुडघा पिळतो. खटका बसतच नसेल तर स्प्रिंगखाली बर्फ साचलाय, काठीच्या टोकानं उकरून काढा. पहाटेच्या कडक बर्फासाठी स्कीला लावायचे दातेही मागून घ्या.

सातरस्ता_सायकल
सरावाचं सांगतो. तुळजापूरचा घाट आहे की! तो दूर वाटत असेल तर पाच-सहा मजली इमारतीचा जिना, पाठीवर सात-आठ किलो, तासभर. जिना चढूनच नाही, उतरूनही करा. मांड्या भरतात त्या उतारानं.

खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या, चेष्टा नाही. भाकरीत पाणी नसतं म्हणून गोठत नाही. चॉकलेटचे बार दगड होतात.

पांढरा_डोंगर
भाकरीला अनुमोदन. पण मूळ काळजी उंचीची आहे. सोलापूर साधारण ४६० मीटर, गुलमर्ग २,६५० च्या आसपास, गोंडोलाचा दुसरा टप्पा ३,९०० च्या वर. पहिले दोन दिवस तळालाच हिंडा. डोकेदुखीसोबत मळमळ असेल तर चढायचं नाही, वाढली तर उतरायचं.

आणि गुलमर्गला हद्दीच्या दोरीबाहेर पाऊल टाकलं की तो रिसॉर्टचा उतार राहत नाही. गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगरावर फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात गेले. ३० ते ४५ अंशांचा उतार सगळ्यात वाईट. चढणारा माणूस उतरणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ त्या उताराखाली असतो, हे कुणी धरतच नाही.

जुळेसोलापूर_रनर
आभार. आम्ही दोरीच्या आतच राहणार. मग ट्रान्सीव्हर (बर्फात गाडलेल्याला सिग्नलवरून शोधायचं यंत्र) लागेल का?

होटगीरोड_स्की
उतार उघडा असेल आणि पॅट्रोलनं चढायला परवानगी दिली असेल तर सक्ती नसते. तरी घ्याच, फावडं आणि प्रोबसकट (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी). गाडलेला माणूस पहिल्या १०-१५ मिनिटांत निघाला तरच आशा असते, तेवढ्यात बाहेरची मदत पोचत नाही. बॅटरी नवी अल्कलाइन, रिचार्जेबल नको, तिचा उरलेल्या चार्जचा आकडा फसवा असतो. मोबाइल ट्रान्सीव्हरपासून वीतभर लांब, शोधताना हातभर लांब. निघताना एकानं पुढं उभं राहून बाकी तिघांचे सिग्नल एकेक करून ऐकायचे, मगच वाट धरायची.