क्वांटिटेटिव्ह फायनान्समध्ये मास्टर्स करायचंय, फायनान्सचा गंध नाही, चालेल का?

वाटसरू_७: नमस्कार मंडळी. मेकॅनिकल इंजिनिअर आहे, ३ वर्षं नोकरी झाली, गणित आवडतं म्हणून हा कोर्स डोक्यात आहे. पण बॅलन्स शीट कशाशी खातात तेही माहीत नाही. आधी फायनान्सचा एखादा डिप्लोमा करू का? आणि कोर्समध्ये नेमकं असतं काय?

अर्धविराम: डिप्लोमाच्या भानगडीत पडू नका, खरंच. हे एमबीए फायनान्स नाही, बॅलन्स शीटशी फारसा संबंध येत नाही. ॲडमिशनवाले बघतात ते कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, प्रॉबॅबिलिटी आणि थोडंफार कोडिंग. काही ठिकाणी जीआरई (प्रवेशपरीक्षा) मागतात, काही ठिकाणी नाही.

कोर्स साधारण १ ते २ वर्षांचा. युरोपात बरेचदा ९० किंवा १२० क्रेडिट्स, आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, तेव्हा नोकरी सांभाळून फुलटाइम करू वगैरे विचार असेल तर आत्ताच सोडा. पहिल्या सेमिस्टरला स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस (यादृच्छिकपणे बदलणाऱ्या गोष्टींचं कॅल्क्युलस) येतं आणि खरी दमछाक तिथे होते, कारण ब्राउनियन मोशनमध्ये (सतत चालू असलेली यादृच्छिक, वेडीवाकडी हालचाल) छोट्याशा वेळातल्या बदलाचा वर्ग आपण नेहमी सोडून देतो तसा सोडून देता येत नाही, तो वेळेइतकाच उरतो, म्हणून आपल्या ओळखीच्या चेन रूलला एक जादा टर्म चिकटते (हाच इटोचा लेमा), आणि ऑप्शनची (ठरलेल्या भावाने पुढे खरेदी किंवा विक्री करायचा हक्क) किंमत काढायचं १९७३ चं ब्लॅक-शोल्स समीकरण त्या एका टर्मवर उभं आहे. ज्यांची प्रॉबॅबिलिटी कच्ची होती ते आमच्या वर्गात इथेच अडकले, फायनान्स न येणारे नाही.

बाकी डेरिव्हेटिव्ह्ज (ऑप्शनसारखे करार) प्रायसिंग, फिक्स्ड इन्कम (बाँड वगैरे), रिस्क, टाइम सिरीज, मग इलेक्टिव्ह्ज आणि शेवटी थीसिस किंवा प्रोजेक्ट.

स्वतःला तपासायचं तर एक गणित देतो. फासा टाका, जेवढे पडतील तेवढे पॉइंट. नाही आवडलं तर अजून एकदाच टाकायची मुभा, पण मग दुसऱ्यांदा पडेल ते घ्यायचं. सरासरी किती मिळतील?

रात्रपाळी: कोडिंगबद्दल माझंही ऐका. न्यूमरिकल मेथड्सच्या पहिल्या असाइनमेंटला मॉन्टे कार्लोने (भावाचे हजारो यादृच्छिक मार्ग, म्हणजे पाथ, बनवून सरासरी घेणं) कॉल ऑप्शनची (खरेदीचा हक्क) किंमत काढायची होती, माझं उत्तर ब्लॅक-शोल्सच्या जवळपासही येईना, दोन रात्री पाथ वाढवत बसले. शेवटी कळलं की वर्षाची २० टक्के व्होलॅटिलिटी (भावातला चढ-उतार) मी दिवसावर आणताना २५२ ने (वर्षातले बाजाराचे दिवस) भागली होती, भागायचं त्याच्या वर्गमुळाने, म्हणजे दिवसाला साधारण १.२६ टक्के. तेव्हापासून कुठलंही उत्तर आधी हाताने अंदाज घेतल्याशिवाय मानत नाही. शिवाय चूक एक दशांशावर आणायला पाथ १०० पट लागतात, हे तिथेच अंगवळणी पडलं. पायथन आत्ताच पक्कं करा, सी प्लस प्लस बऱ्याच कोर्समध्ये शिकवतात.

कोर्स निवडताना माहितीपत्रकातली नावं बघू नका, थीसिसला किती क्रेडिट्स आहेत आणि मध्ये इंटर्नशिपला जागा आहे का ते बघा. वर्षभरात सगळं कोंबलेलं असेल तर इंटर्नशिपला वेळच उरत नाही.

वाटसरू_७: दोघांचेही मनापासून आभार, डिप्लोमाचा विचार रद्द. फाश्याचं गणित कागदावर केलं: ४, ५, ६ आला तर थांबायचं, नाहीतर परत टाकायचा, मग ४.२५ येतं. बरोबर ना? उत्साहाच्या भरात एकूण तीनदा टाकायला मिळालं तर काय तेही काढलं, ४.६७ आलं, तिथे पहिल्यांदा ४ आला तरी परत टाकावं लागतं.

अर्धविराम: दोन्ही बरोबर! आणि तीनचं उत्तर काढताना तुम्ही शेवटच्या फेकीपासून मागे मागे आलात ना? अमेरिकन ऑप्शन (मुदतीपर्यंत कधीही वापरता येणारा) कधी वापरायचा हे असंच मागून काढतात. आता कंडिशनल एक्स्पेक्टेशन (आतापर्यंतचं कळल्यावरची सरासरी) घ्या, मग मार्टिंगेल (जिथे पुढची सरासरी आत्ताच्या किमतीइतकीच असते). अडलं की इथेच विचारा.