ड्यूईंच्या सुरुवातीच्या शिक्षणविचाराचा पाया कोणता: हेगेल की डार्विन?

चर्चाप्रस्ताव
अमेरिकी तत्त्वज्ञ आणि शिक्षणविचारक जॉन ड्यूई यांचे नाव निघाले की प्रयोगवादाचा, म्हणजे विचारांची कसोटी अनुभवात आणि कृतीत पाहणाऱ्या भूमिकेचा, उल्लेख ओघाने येतो. परंतु १८९७ सालच्या त्यांच्या ‘माय पेडॅगॉजिक क्रीड’ या निबंधाचा पाया जर्मन तत्त्वज्ञ हेगेल यांच्या चिद्वादाचाच, म्हणजे मन किंवा चैतन्य हेच मूळ सत्य मानणाऱ्या विचाराचाच आहे, असे माझे ठाम मत आहे. मानवजातीच्या सामाजिक जाणिवेत व्यक्ती सहभागी होते आणि त्या सहभागातूनच सारे शिक्षण घडते, हे त्यातले पहिलेच विधान आहे. व्यक्तीच्या आधीपासून असलेली ही जाणीव निरीक्षणातून हाती आलेली नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज सिल्व्हेस्टर मॉरिस या हेगेलवादी गुरूंकडून ड्यूईंना जो वारसा मिळाला, त्यातलीच ती आहे. शिक्षणाच्या मानसशास्त्रीय आणि सामाजिक बाजूंपैकी कोणतीही दुय्यम न मानता दोहोंचे एकत्व दाखवण्याची रीतही तिथलीच.

प्रतिसाद १
मी असहमत आहे. शब्द जुने राहिले म्हणून विचारही जुना ठरत नाही. आदल्याच वर्षी, १८९६ मध्ये, ड्यूईंनी प्रतिक्षिप्त क्रियेच्या कल्पनेवर लेख लिहिला होता. मेणबत्तीकडे हात नेणाऱ्या मुलाच्या बाबतीत प्रकाश हे उद्दीपन आणि हात पुढे करणे हा प्रतिसाद, अशी तेव्हाची मांडणी होती. ड्यूई म्हणतात की पाहणे हीदेखील कृतीच आहे आणि चटका बसल्यावर त्या पाहण्याचाच अर्थ बदलतो. परिसराशी जुळवून घेणारा हा सजीव डार्विनचा आहे, आणि अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांच्या १८९० साली आलेल्या मानसशास्त्रावरील ग्रंथाचा आहे. मुलाच्या विकासात कृती आधी येते, हे निबंधातले विधान त्याच लेखाशी जोडून वाचावे लागते. ड्यूईंनी शिकागोत चालवलेल्या प्रायोगिक शाळेत त्याच काळात मुले स्वयंपाक, शिवण आणि सुतारकाम करत होती.

चर्चाप्रस्तावक
मेणबत्तीचे उदाहरण माझ्याच बाजूने जाते. घटकांना अर्थ पूर्णातून मिळतो, हा त्या लेखाचा गाभा हेगेलचाच नव्हे का? हेगेलच्या परिचयाने आपल्या विचारात कायमचा ठेवा मागे राहिला, हे ड्यूईंनी १९३० मध्ये स्वतः लिहिले आहे. शिवाय शिक्षक हा खऱ्या ईश्वराचा प्रेषित आहे, या निबंधाच्या अखेरच्या वाक्याचा उलगडा डार्विनवरून कसा करणार?

प्रतिसाद २
त्याच १९३० च्या लेखात आपण हेगेलवादापासून हळूहळू, नकळत दूर गेलो, असेही ते सांगतात; ते सोडून अर्धीच कबुली पुढे करणे योग्य नाही. अखेरच्या वाक्यातला धार्मिक सूर मला मान्य आहे, कारण त्यांचे बालपण काँग्रिगेशनल चर्च या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या संस्कारात गेले. परंतु निबंधाच्या मध्यावर, शिक्षण म्हणजे अनुभवाची सतत चालणारी पुनर्रचना असून तिची प्रक्रिया आणि तिचे ध्येय एकच आहेत, असे स्पष्ट म्हटले आहे. माझ्या मते सारा वाद या एका वाक्यावर तोलला गेला पाहिजे. ध्येय प्रक्रियेच्या बाहेर कुठेच नसेल, तर मुलाने जिथे पोहोचायचे ते हेगेलचे वैश्विक मनही उरत नाही, आणि तुम्ही दाखवता ती सामाजिक जाणीव म्हणजे पिढ्यांनी साठवलेला, मुलाच्या हातून पुन्हा बदलणारा अनुभव एवढाच तिचा अर्थ राहतो.