क्रोशाचे विणकाम अगदी पहिल्यापासून शिकताना : पट्टी त्रिकोणी का होते?

मुलुंडची नवशिकी

माझ्या आत्याने विणलेले पांढरे क्रोशाचे तोरण गेली अनेक वर्षे दसऱ्याला आमच्या दाराला लागते. यंदा माळ्यावरून ते काढले, तेव्हा त्याचा एक कोपरा उंदराने कुरतडलेला दिसला. आत्या आता नाही आणि घरात दुसऱ्या कोणालाही हे विणकाम येत नाही, म्हणून ते दुरुस्त करण्यापुरते तरी आपणच शिकावे असे मी ठरवले. आत्याच्या बिस्किटांच्या डब्यात तीन बारीक पोलादी सुया आणि दोऱ्याचे दोन गुंडे मिळाले, त्यांवरच व्हिडिओ पाहून सुरुवात केली.

साखळी, म्हणजे एकातून एक ओढलेल्या वेढ्यांची रांग, जमते; खांब, म्हणजे सुईवर दोरा एकदा गुंडाळून विणलेला उंच टाका, तोही दिसायला बरा येतो. मात्र 30 खांबांनी सुरू केलेली पट्टी बाराव्या ओळीला 19 खांबांवर आली आणि तिचा चक्क त्रिकोण झाला. शिवाय दोरा इतका बारीक आहे की टाका नेमका कुठे संपतो आणि पुढचा कुठे सुरू होतो, हे रात्री दिव्याखाली मला दिसतच नाही. एका व्हिडिओत ज्याला डबल क्रोशे म्हणतात, ते दुसऱ्यात भलतेच काहीतरी असते, हा गोंधळ वेगळाच. मी रोज मुलुंडहून सीएसएमटीला जाते आणि बसायला जागा मिळाली तर तेवढा वेळ सरावाला मिळतो. कोणत्या क्रमाने शिकावे आणि माझे नेमके काय चुकते आहे, हे कृपया कोणी सांगेल का?

जुनी सुई

तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे. पहिल्या ओळीनंतर 11 ओळी झाल्या आणि 11 खांब कमी झाले, म्हणजे प्रत्येक ओळीत नेमका एकच खांब गळतो आहे आणि तो बहुधा ओळीच्या शेवटचा आहे. खांबांची नवी ओळ सुरू करताना आपण ज्या तीन साखळ्या घालतो, त्या केवळ उंची गाठण्यासाठी नसतात, तर त्यांनाच त्या ओळीचा पहिला खांब धरलेले असते. त्यामुळे परत येताना शेवटचा खांब मागच्या ओळीतल्या त्या तीन साखळ्यांपैकी सर्वांत वरच्या साखळीत घालावा लागतो. ती साखळी कडेला मुडपून बसते, नवख्या डोळ्याला टाका वाटत नाही, आणि आपण काम उलटवून मोकळे होतो. उपाय साधा आहे : तीन साखळ्या घातल्या की तिसरीत लगेच एक छोटी सेफ्टी पिन अडकवून ठेवा, म्हणजे परत आल्यावर थांबायचे कुठे ते पिनच सांगेल.

आत्याच्या सुया आणि दोरा मात्र सध्या डब्यातच राहू द्या. त्या दोऱ्यावर शिकणे म्हणजे बाराखडी गिरवण्याआधी मोडी वाचायला बसण्यासारखे आहे. जाडसर, फिक्या आणि एकाच रंगाचा दोरा घ्या आणि 4 मिमीची सुई घ्या. सुईवर मिमीऐवजी जुना ब्रिटिश क्रमांक असेल, तर 4 मिमीला 8 हा क्रमांक असतो. गडद रंगात टाके दिसत नाहीत आणि केसाळ लोकर उसवता येत नाही, आणि सुरुवातीला आपण विणतो त्यापेक्षा उसवतो जास्त, हे गृहीतच धरावे.

मग 17 साखळ्या घाला, सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब घाला आणि शेवटपर्यंत जा. वगळलेल्या तीन साखळ्यांचा एक आणि विणलेले 14 असे 15 खांब होतील. पुढच्या ओळीत तीन साखळ्या, मग अगदी कडेचा खांब सोडून पुढच्या 13 खांबांवर 13 खांब, आणि शेवटचा त्या पिनेच्या साखळीत. प्रत्येक खांबाच्या माथ्यावर दोन धागे साखळीसारखे आडवे पडलेले दिसतात, त्या दोन्ही धाग्यांखालून सुई घाला. प्रत्येक ओळीनंतर मोजा. कंटाळवाणे आहे, पण बाराव्या ओळीला रडण्यापेक्षा दुसऱ्या ओळीला मोजलेले बरे.

भुलेश्वरचा फेरफटका

वरच्या उत्तरात एकच भर घालतो, ती म्हणजे मुंबईत शिकायचे तर लोकर नको, सुती दोराच घ्यावा. आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, घामट हातातून ॲक्रिलिकची लोकर सुईवर करकरत अडते आणि ताण एकसारखा राहत नाही. ज्यांचे हात कोरडे राहतात त्यांचे मत वेगळे असू शकते, माझे तरी राहत नाहीत. ॲल्युमिनियमची सुई हलकी असते आणि गंजत नाही. आत्याच्या पोलादी सुया मात्र पुसून, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा, त्यांच्या टोकाच्या वाकड्या आकड्याला गंज चढला की दोरा प्रत्येक टाक्याला अडकतो. सामान दादर पश्चिमेला किंवा अब्दुल रहमान स्ट्रीटवर मिळते. शिकाऊ माणसाने एका वेळी एकच सुई आणि एकच गुंडा विकत घ्यावा, हे मी तीन पिशव्या भरून न विणलेला दोरा घरात ठेवणारा माणूस म्हणून सांगतो.

लोकलच्या प्रवासासाठी तर हे काम फार सोयीचे आहे, कारण दोन सुयांच्या विणकामात सगळी ओळ सुईवर असते, तर इथे उघडा वेढा एकच असतो. घाटकोपरला गर्दी अंगावर आली की तो वेढा थोडा ओढून त्यात सेफ्टी पिन घाला आणि सगळे पिशवीत टाका, काहीही उसवणार नाही.

मोजून मापून

व्हिडिओंमधला गोंधळ तुमचा नाही. अमेरिकी आणि ब्रिटिश पद्धतीत तीच नावे वेगवेगळ्या टाक्यांना दिलेली आहेत. सुईवर दोरा न गुंडाळता विणलेला बुटका टाका, म्हणजे आपण ज्याला मुका खांब म्हणतो, त्याला अमेरिकी लोक सिंगल म्हणतात आणि ब्रिटिश लोक डबल म्हणतात, तर आपला खांब अमेरिकेत डबल आणि ब्रिटनमध्ये ट्रेबल ठरतो. ओळखायची सोपी खूण अशी की नमुन्यात सिंगल क्रोशे हा शब्द आला, तर तो नमुना अमेरिकी समजावा, कारण ब्रिटिश पद्धतीत त्या नावाचा टाकाच नाही. त्याहून बरे म्हणजे चिन्हांचे तक्ते वाचायला शिकणे, कारण त्यांत टाक्याचे चित्रच असते आणि भाषेचा प्रश्न उरत नाही.

मुलुंडची नवशिकी

सर्वांचे मनापासून आभार. पिनेची युक्ती लागू पडली, वीस ओळी झाल्या आणि खांब 15 चे 15 राहिले. आता पट्टीच्या दोन्ही कडा सरळ आहेत, पण तळाची बाजू आवळून कमानीसारखी झाली आहे. हे कशामुळे होत असावे? आणि तोरणाला हात घालण्याआधी अजून किती शिकावे लागेल?

जुनी सुई

तळ आवळतो, कारण तुमची सुरुवातीची साखळी घट्ट पडते आहे. तेवढी साखळी 4.5 किंवा 5 मिमीच्या सुईने घाला आणि पहिल्या ओळीपासून 4 मिमीची सुई हातात घ्या.

तोरणाकडे आधी नीट पाहा. त्यात चौकोनी जाळी आणि भरीव घरे यांतून मोर, कलश किंवा अक्षरे उमटवलेली असतील, तर त्यात तुम्हाला आधीच येत असलेल्या साखळी आणि खांब या दोनच गोष्टी आहेत. मोकळे घर म्हणजे एक खांब, दोन साखळ्या आणि पुन्हा खांब, तर भरीव घरात त्या दोन साखळ्यांच्या जागी दोन खांब येतात. शेजारच्या घरांचा मधला खांब सामाईक असल्यामुळे 10 घरांच्या ओळीत 31 खांबांची जागा लागते. त्यासाठी 33 साखळ्या घालून पहिली ओळ भरीव विणा. दुसऱ्या ओळीत 5 साखळ्या घाला, त्यांतल्या तीन खांबाच्या आणि दोन मोकळ्या जागेच्या. मग दोन खांब सोडून तिसऱ्यावर खांब, असे शेवटपर्यंत करा. जाड दोऱ्यावर हे जमले, की एकेक पायरी उतरत बारीक दोऱ्याकडे जा आणि आत्याच्या सुया सर्वांत शेवटी काढा.

दुरुस्तीच्या बाबतीत घाई मात्र अजिबात करू नका. क्रोशाचे काम जिथे संपवले त्या टोकाकडूनच सहज उसवते, सुरुवातीच्या साखळीकडून उसवत नाही. म्हणून कुरतडलेला कोपरा सुरुवातीचा आहे की शेवटचा, हे आधी ओळखले पाहिजे. शेवटचा असेल, तर धड ओळीपर्यंत उसवून तिथून पुन्हा विणता येते, पण सुरुवातीचा असेल, तर खराब भाग कापून सुटे टाके उचलावे लागतात आणि ते काम अवघड आहे. तोवर फाटलेल्या कडेचे सगळे मोकळे वेढे साध्या शिवणाच्या दोऱ्यात ओवून ठेवा, म्हणजे नुकसान पुढे सरकणार नाही. नवा दोरा जुन्याशेजारी पांढराशुभ्र दिसेल. त्यासाठी डब्यातले ते दोन गुंडे जपून ठेवा, कदाचित आत्यांनी ते याच तोरणातून उरवलेले असतील.