गणपती कारखान्यात मोबाइलवर शूटिंग करायचंय, सुरुवात कशी करू?

खारेपाट_पेण : नमस्कार मंडळी. आमच्या पेण तालुक्यातल्या हमरापूर-जोहे भागातल्या एका गणपती कारखान्यावर आठ-दहा मिनिटांची फिल्म करायची आहे. माती मळण्यापासून डोळ्यांच्या आखणीपर्यंतचं काम, आणि मालकांची मुलाखत. शूटिंगचा काहीच अनुभव नाही. अँड्रॉइड फोन आहे (४के होतं), १६ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे आणि खर्चायला १५ हजार रुपये आहेत. कारखान्यात चाचणी घेतली तर तीन गोष्टी खटकल्या. ट्यूबलाइटखाली चित्रावरून आडवे काळपट पट्टे सरकतात. मालक बोलतात तेव्हा पंख्याचीच घरघर जास्त ऐकू येते. आणि माणसांचे चेहरे काळे पडतात, मूर्ती मात्र लख्ख दिसतात. या पैशात सेकंडहँड कॅमेरा घ्यावा की फोनवरच भागवावं?

फ्रेमवाला : कॅमेरा घेऊ नका. १५ हजारांत जुनी बॉडी मिळेल, पण माइक, ट्रायपॉड आणि लेन्सला पैसे उरणार नाहीत. शिवाय तुम्ही सांगितलेल्या तिन्ही अडचणी त्या कॅमेऱ्यातही येतील, कारण त्या उपकरणाच्या नाहीत, सेटिंगच्या आणि जागेच्या आहेत.

पट्ट्यांचं कारण असं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही. फोनचा सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो. शटर, म्हणजे प्रत्येक ओळ उजेड घेते तो वेळ, १/२४० सेकंद वगैरे असेल तर काही ओळींना तेज क्षण मिळतो, काहींना मंद, आणि पट्टे उमटतात. शटर १/५० ठेवलं की प्रत्येक ओळीला बरोबर दोन आवर्तनं मिळतात, १/१०० ला एक. दोन्ही चालतात. १/६० चालत नाही, आणि फोन बऱ्याचदा नेमका तिथेच जातो.

म्हणून पहिलं काम, शटर हाताने ठरवता येईल असं अ‍ॅप. ब्लॅकमॅजिक कॅमेरा फुकट आहे, पण अँड्रॉइडच्या सगळ्या मॉडेलांवर चालत नाही. तुमच्यावर चालत नसेल तर फोनमधला प्रो व्हिडिओ मोड किंवा ओपन कॅमेरा बघा. सेकंदाला २५ फ्रेम, १/५० शटर, आणि उजेड कमी-जास्त करायला फक्त आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते). ८०० च्या वर शक्यतो जाऊ नका, फोनच्या छोट्या सेन्सरवर सावलीच्या भागात दाणे दिसू लागतात.

एक अपवाद सांगून ठेवतो. डिमर असलेल्या स्वस्त एलईडी पॅनलची लुकलुक विजेच्या ५० हर्ट्झशी बांधलेली नसते, तिथे १/५० चा उपाय लागू पडेलच असं नाही. असा दिवा पूर्ण तेजावर ठेवा आणि जास्त वाटला तर मागे सरकवा.

आता काळे चेहरे. ऑटो एक्स्पोजर (फोन आपोआप ठरवतो तो उजेड) सगळ्या फ्रेमची सरासरी मध्यम करड्यावर आणायला बघतं. मागे पांढऱ्याशुभ्र, न रंगवलेल्या मूर्तींच्या रांगा असल्या की त्याला वाटतं फार उजेड झाला, आणि ते सगळंच खाली ओढतं. आयएसओ चेहऱ्यावर ठरवून लॉक केलात की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं जागेचं आहे. मालकांना खिडकीच्या किंवा दाराच्या बाजूला तिरकं बसवा, मूर्ती त्यांच्या मागे तीन-चार मीटरवर राहू द्या आणि त्या रांगेवरची ट्यूब मुलाखतीपुरती बंद करा. चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला, फ्रेमच्या बाहेर, पांढरी चादर ताणून धरली तर सावली भरून निघते. त्याला रिफ्लेक्टर विकत घ्यायची गरज नाही.

व्हाइट बॅलन्सही (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगाची जुळणी) लॉक करा. पावसाळ्यात कारखान्यावर निळी ताडपत्री असेल तर तिच्यातून येणारा उजेड निळा असतो आणि शेजारची ट्यूब वेगळ्या छटेची. ऑटोवर ठेवलं तर मालकांनी नुसती मान वळवली तरी कातडीचा रंग बदलतो. बसायच्या जागेवर पांढरा कागद धरा, त्यावरून केल्विन (उजेडाच्या छटेचा आकडा) ठरवा आणि ती मुलाखत संपेपर्यंत हात लावू नका.

ध्वनीवेडा : वरचं सगळं मान्य, पण आवाजाकडे त्याहून जास्त लक्ष द्या. थोडं दाणेदार चित्र लोक बघतात, न कळणारं बोलणं कोणी ऐकत नाही.

फोन मालकांपासून दोन मीटरवर असेल आणि माइक छातीवर २० सेंटिमीटरवर लावलात, तर अंतर दहा पटीने घटतं आणि आवाज साधारण २० डेसिबलने वाढतो. पंख्याचा तेवढाच राहतो. महागडा नॉइज रिडक्शन करूनही इतका फरक मिळत नाही, आणि वर आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. साधा वायरवाला कॉलर माइक हजार रुपयांच्या आसपास येतो. बोया बीवाय-एम१ ची वायर ६ मीटर आहे आणि त्यावर एक बटण असतं. फोनला लावताना ते स्मार्टफोनच्या बाजूला हवं. कॅमेऱ्याच्या बाजूला असेल तर आतली एलआर४४ बॅटरी वापरली जाते, आणि ती संपलेली असली की आवाजच येत नाही. बिघडलेले म्हणून परत केले जाणारे कित्येक माइक एवढ्यावरच सुटतात.

माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, मधोमध. गळ्यात चेन किंवा माळ असेल तर ती घासते, काढून ठेवायला सांगा. कारागीर बनियनवर असतील तर गळपट्टीला क्लिप लावून खाली वायरचं एक वेटोळं मायक्रोपोर पट्टीने चिकटवा, वायर ओढली गेली तरी खरखर येत नाही.

मुलाखतीच्या वेळी पंखा बंद, स्प्रेचा काँप्रेसर बंद. पत्र्याखाली जोराचा पाऊस असेल तर मुलाखत पुढे ढकला, त्यावर इलाज नाही. त्या वेळात कामाचे शॉट घ्या. रिकाम्या शेडमध्ये आवाज घुमत असेल तर फ्रेमच्या बाहेर दोन्ही बाजूंना गोधड्या टांगा. आणि सगळं संपल्यावर कोणी न बोलता एक मिनिट नुसता जागेचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. एडिटिंगमध्ये दोन वाक्यांमधली फट त्यानेच भरायची असते.

खारेपाट_पेण : फारच उपयोगी, धन्यवाद दादा. फोनला हेडफोनचं भोक नाही, फक्त टाइप-सी आहे. मित्राचा कॉलर माइक कन्व्हर्टरने जोडून पाहिला, पण आवाज तसाच लांबून आल्यासारखा येतो.

ध्वनीवेडा : म्हणजे फोन अजून स्वतःचाच माइक वापरतोय. तीन ठिकाणी बघा. आधी पिन. माइकच्या पिनवर तीन काळ्या पट्ट्या असतील तर तो फोनचा, दोन असतील तर कॅमेऱ्याचा, दोनवाल्याला वेगळी वायर लागते. मग कन्व्हर्टर. बरेच स्वस्त कन्व्हर्टर फक्त ऐकण्याचे असतात, माइक आत घेत नाहीत. आत डॅक (आवाज आणि डिजिटल सिग्नल यांची अदलाबदल करणारी चिप) असलेला आणि माइक चालतो असं स्पष्ट लिहिलेला घ्या. आणि शेवटी अ‍ॅप. ओपन कॅमेऱ्यात व्हिडिओ सेटिंगमध्ये ऑडिओ सोर्स म्हणून बाहेरचा माइक निवडावा लागतो. माइकच्या तोंडावर नखाने हलकं खरवडा, रेकॉर्डिंगमध्ये ते मोठ्याने ऐकू आलं तर जोडणी बरोबर आहे. पातळी मोठ्या आवाजालाही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. आवाजाची ऑटो पातळी बंद करता येत असेल तर करा, नाहीतर माणूस थांबला की फोन आपोआप मागची घरघर वर उचलतो.

कातरकाम : एडिटिंगच्या टेबलावरून काही गोष्टी.

४के मध्ये शूट करा आणि फिल्म १०८० मध्ये बनवा. मुलाखतीत एकाच कॅमेऱ्यातून दोन आकार कापता येतात, म्हणजे उत्तराचा मधला भाग काढला तरी झटका बसत नाही. जागेचा हिशेब आधी करा. ५० एमबीपीएसला (सेकंदाला ५० मेगाबिट) मिनिटाला ३७५ एमबी, म्हणजे तासाला साडेबावीस जीबी. १०० ला त्याच्या दुप्पट. रोज संध्याकाळी लॅपटॉपवर आणि एका वेगळ्या डिस्कवर अशा दोन प्रती झाल्याशिवाय फोन रिकामा करू नका.

फोनमधलं एचडीआर (उजेड-सावलीचा जास्त तपशील साठवणारा मोड) बंद ठेवा. एडिटिंगमध्ये साध्या टाइमलाइनवर ते एकतर फिकट दिसतं नाहीतर भगभगतं. दुसरं, फोन फ्रेमरेट स्थिर ठेवत नाही. मीडियाइन्फोमध्ये (फाइलची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) फाइल उघडा, फ्रेमरेटपुढे व्हेरिएबल दिसलं तर लांब क्लिपच्या शेवटी ओठ आणि आवाज जुळेनासे होऊ शकतात. हँडब्रेकमध्ये (व्हिडिओचं रूपांतर करणारं सॉफ्टवेअर) २५ आणि कॉन्स्टंट निवडून आरएफ (दर्जाचा आकडा, कमी म्हणजे चांगला) १६ ते १८ वर एकदा फिरवून घ्या. मग एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते. प्रोजेक्ट २५ फ्रेमवर क्लिपा आत ओढण्याआधीच ठरवा, आणि १६ जीबीच्या लॅपटॉपवर प्रॉक्सी (क्लिपांच्या हलक्या प्रती) बनवूनच काम करा.

शूटिंगबद्दल सर्वात महत्त्वाचं. आखणी करणाऱ्याचा हात थांबवून "परत एकदा करा" म्हणू नका. ब्रशची ती रेघ एकदाच ओढायची असते. कारखान्यात एकाच साच्याच्या कितीतरी मूर्ती ओळीने असतात, त्याचा फायदा घ्या. पहिल्या मूर्तीला पूर्ण जागा दिसेल असा शॉट, दुसरीला फक्त ब्रश आणि डोळा, तिसरीला कारागिराचा चेहरा, चौथीला त्याच्या खांद्यावरून. पीतांबराचा आणि शेल्याचा रंग सारखा असलेल्याच मूर्ती निवडा, म्हणजे जोडल्यावर एकच मूर्ती वाटते. आणि चारही शॉट कारागिराच्या एकाच बाजूला उभं राहून घ्या. बाजू ओलांडली तर डावीकडे बघणारा माणूस पुढच्या शॉटमध्ये उजवीकडे बघायला लागतो.

प्रत्येक शॉट हालचाल न करता निदान १० सेकंद धरा. नवख्यांच्या फुटेजमध्ये कॅमेरा सारखा काहीतरी शोधत फिरत असतो, कापायला जागाच सापडत नाही. ब्रश आणि डोळ्याच्या शॉटला फोन नाकाशी नेऊ नका. फार जवळ गेलात की कित्येक फोन गुपचूप वाइड लेन्सच्या मॅक्रोवर उडी मारतात, रंग आणि धार दोन्ही बदलतात. ते ऑटो मॅक्रो बंद करा, ३०-४० सेंटिमीटरवर थांबा आणि ४के मधून कापून घ्या.

रेडिओ बंद करायला सांगा. गाणं कॉपीराइटच्या दाव्यात अडकतं, आणि त्याच्यामुळे प्रत्येक कटला सूर तुटतो. मालकांना प्रश्न उत्तरातच घ्यायला सांगा. "शाडू कुठून येते?" याला "गुजरातहून" एवढंच आलं तर ते एकटं वापरता येत नाही.

रोहा_राइडर : २५ फ्रेमच का? रील म्हणूनही टाकायचं असेल तर ३० बरे. ३० वर १/५० किंवा १/१०० शटर ठेवलं तरी पट्टे येत नाहीत.

फ्रेमवाला : बरोबर, पट्ट्यांचा संबंध शटरशी आहे, फ्रेमच्या आकड्याशी नाही. ३० घेतलेत तर हँडब्रेक आणि रिझॉल्व्हमध्येही ३० ठेवा. फक्त अर्धं २५ आणि अर्धं ३० असं करू नका, मिसळल्यावर हालचाल अडखळते.

बाहेर उन्हात मूर्ती वाळत ठेवतात, तिथे मात्र १/५० जमणार नाही. फोनचं छिद्र एफ १.८ च्या आसपास ठरलेलं असतं. भर दुपारी आयएसओ ५० ला शटर १/४००० पर्यंत जातं. १/५० वर आणायला एनडी ६४ फिल्टर (उजेड ६४ पटीने कमी करणारी काळपट काच) लागेल, क्लिपवाला मिळतो. मूर्ती हलत नाहीत, त्यामुळे नुसत्या त्यांच्या शॉटला फिल्टर नसला तरी बिघडत नाही. माणसं चालत असतील तेव्हा फरक दिसतो.

पैशांची वाटणी माझ्या मते अशी: माइक आणि कन्व्हर्टरला दोनेक हजार, पॅन करता येईल अशा जड ट्रायपॉडला चार, एका एलईडीला तीन, उरलेले डिस्कला. भाव दुकानागणिक बदलतात, पण क्रम हाच ठेवा.

साचेकाम : धुळीचं कोणी लिहिलं नाही. पीओपीची आणि पॉलिश पेपरची पूड लेन्सवर बसते. ती कोरड्या फडक्याने पुसलीत तर ओरखडे येतात. आधी रबरी ब्लोअरने उडवा, मगच मायक्रोफायबर. स्प्रे चालू असताना दोन-तीन मीटर लांब राहा, नाहीतर सोनेरी रंगाचा बारीक थर काचेवर बसतो आणि प्रत्येक दिव्याभोवती धुकं दिसतं. एसी गाडीतून उतरून थेट दमट शेडमध्ये गेलात तर लेन्सवर वाफ धरते. फोन झिपच्या पिशवीत घालून १५-२० मिनिटं आत ठेवा आणि मग पिशवी उघडा.

आणि शूटिंगआधी मालकांना विचारा की कोणते साचे दाखवायचे नाहीत. नवीन वर्षाचं मॉडेल गणपतीआधी बाहेर गेलं तर त्यांचं नुकसान होतं. आषाढ-श्रावणात कामाची घाई शिगेला असते, मुलाखत त्याआधीच उरकून घ्या. आखणीचे शॉट तेव्हा मिळतीलच.