सहकारी बँकेच्या संस्थापक-अध्यक्षांचे चरित्र लिहायचे आहे, कागदपत्रे कोणती पाहावीत?

निपाणीची नात (प्रश्न):
माझे आजोबा निपाणी परिसरातील एका लहान अर्बन बँकेचे संस्थापक. वीस-बावीस वर्षे ते तिचे अध्यक्ष होते. त्यांची तंबाखूची अडत होती, शिवाय हायस्कूलची समिती, वाचनालय आणि देवस्थानाची पंचकमिटी यांतही त्यांचा शब्द चाले. बँकेच्या स्मरणिकेसाठी बारा पानांचे चरित्र लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. घरी मानपत्रांची एक ट्रंक आहे, शाली आहेत, मंत्र्यांसोबतचे फोटो आहेत. परंतु हा माणूस एखाद्या साध्या मंगळवारी बँकेत बसून नेमके काय करीत असे, हे सांगणारा एकही कागद त्यात नाही. दुसरी अडचण अशी, की त्यांचे उपकार सांगणारे गावात जितके भेटतात, जवळजवळ तितकेच "आमच्या वडिलांना त्यांनी कर्ज नाकारले" असे सांगणारेही भेटतात. हा भाग लिहावा की गाळावा?

निवृत्त शाखाधिकारी, बेळगाव:
ट्रंक तूर्त बंद ठेवा. मानपत्रांतले सगळे अध्यक्ष सारखेच असतात. बँकेकडे संचालक मंडळाच्या सभांची इतिवृत्ते, कर्ज उपसमितीची वही, सभासद नोंदवही आणि जुने वार्षिक अहवाल मागा. १ मार्च १९६६ पासून सहकारी बँकांना बँकिंग नियमन कायदा लागू झाला आणि रिझर्व्ह बँकेची तपासणी सुरू झाली. तोवर माणूस ओळखून कर्ज देणाऱ्या अध्यक्षांना त्यानंतर रोख राखीव आणि तरलतेचा (म्हणजे ठेवींपैकी किती पैसा हाताशी किंवा चटकन मोकळा होईल असा ठेवला, याचा) हिशेब कागदावर दाखवावा लागू लागला. त्या वर्षाच्या आधीची आणि नंतरची इतिवृत्ते शेजारी ठेवून वाचा, भाषासुद्धा बदललेली दिसेल. कर्जाच्या नोंदींत जामीनदाराच्या रकान्यात आजोबांची सही किती वेळा येते, तेही मोजा.

एक नाजूक गोष्ट. त्यांनी स्वतःच्या अडतीसाठी बँकेतून कर्ज घेतले असेल, तर दचकू नका. संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांच्या कर्जांवर सरसकट बंदी आली ती ऑक्टोबर २००३ पासून. तोपर्यंत ती मर्यादेत चालत. मात्र ते वेळेवर फिटले का, हे पाहा आणि जे दिसेल ते लिहा.

खानापूरकर:
१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा मोर्चे निघाले हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच दिवसापासून इथल्या पतपेढ्यांचे वरिष्ठ कार्यालयही बदलले, हे फारसे कोणी लिहीत नाही. १९२५ च्या मुंबई कायद्याची सवय झालेल्या मंडळींना पुढे म्हैसूर राज्याचा १९५९ चा सहकारी कायदा नव्याने शिकावा लागला. माझे वडील अशाच एका पतपेढीत कारकून होते. सहकार खात्याच्या सहायक निबंधकांचे कानडी पत्र आले, की संध्याकाळी कानडी शाळेच्या मास्तरांना चहाला बोलावले जाई. मास्तर एकेक ओळ वाचून अर्थ सांगत, वडील पाठकोऱ्या कागदावर मराठीत टिपून घेत आणि दुसऱ्या दिवशी ते टिपण अध्यक्षांपुढे जाई. हेच अध्यक्ष सीमालढ्याच्या सभेत पहिल्या रांगेत असत. सभासद नोंदवहीत कानडी भाषक कर्जदार किती आहेत, तेवढे जरूर पाहा. इतर सभासदांसारखे त्यांनाही प्रत्येकी एक मत होते आणि निवडणुकीत ती मते अध्यक्षांना मागावी लागत.

वखारीतली मुलगी:
नाकारलेली कर्जे गाळू नका. माझ्या वडिलांना एका अध्यक्षांनी दुसरी वखार बांधायला पैसे दिले नाहीत. "आधी आहे तो माल हलवा" एवढेच म्हणाले. वडील दोन वर्षे त्यांच्याशी बोलले नाहीत, पण त्याच बँकेच्या पिग्मी एजंटाला रोज संध्याकाळी दोन रुपये देत राहिले. पुढे भाव पडला. तरीही वडिलांनी "अध्यक्षांचे बरोबर होते" असे शेवटपर्यंत कबूल केले नाही, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

तुम्हाला याहून अवघड प्रश्न आहे. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीत शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, एप्रिलमध्ये गोळीबार होऊन शेतकरी मेले. तेव्हा आजोबा अडत्या होते, त्याच शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या बँकेचे अध्यक्षही होते. त्या महिन्यांत ते कोणाच्या बाजूला उभे होते?

निपाणीची नात:
सर्वांचे आभार. काल बँकेत जाऊन १९८१ ची इतिवृत्तवही पाहिली. मे महिन्याच्या सभेत तंबाखू उत्पादक सभासदांच्या कर्जांना मुदतवाढ देण्याचा ठराव आहे आणि तो मंजूर झाला आहे. त्याच्या आधी कारकुनाच्या सुवाच्य अक्षरांत एकच ओळ आहे : "या विषयापुरते अध्यक्ष सभागृहाबाहेर गेले व उपाध्यक्षांनी कामकाज चालविले." कारण लिहिलेले नाही. पुढच्या विषयाला ते पुन्हा हजर आहेत, आणि तो विषय आहे कार्यालयाच्या पत्र्याची गळती.