अँजिओटेन्सिनची दुसरी बाजू

"अँजिओटेन्सिन-२ मूत्रपिंडातील रक्तवाहिन्या आकुंचित करते, म्हणून ते मूत्रपिंडाला घातकच" हे विधान मला अर्धेच खरे वाटते. हे संप्रेरक केशिकागुच्छाकडे (मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या झुबक्याकडे) रक्त आणणाऱ्या धमनिकेपेक्षा, म्हणजे बारीक धमनीपेक्षा, तेथून रक्त बाहेर नेणाऱ्या धमनिकेला अधिक आवळते. त्यामुळे जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडून रक्तप्रवाह घटला, तरी गुच्छातील दाब आणि पर्यायाने गाळणक्रिया बऱ्याच अंशी टिकून राहते. (हा दाब वर्षानुवर्षे चढाच राहिला तर अपाय होतो, हे मान्य.)

अशा चर्चेत प्रोस्टाग्लँडिनांचा उल्लेख मात्र राहून जातो. मूत्रपिंडातच तयार होणारी ही द्रव्ये रक्त आणणारी धमनिका रुंद ठेवतात, आणि एरवी त्यांची फारशी गरज भासत नसली तरी शरीर कोरडे पडल्यावर बरीच भिस्त त्यांच्यावरच असते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके नेमकी त्यांचीच निर्मिती रोखतात. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन (अँजिओटेन्सिन-२ ची निर्मिती किंवा परिणाम रोखून बाहेरची धमनिका सैल करणारी औषधे) आणि जोडीला लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्याने गुडघेदुखीवर परस्पर असे वेदनाशामक सुरू केले, तर आत येणारी वाट अरुंद, बाहेरची सैल आणि मुळात रक्ताचे आकारमानच कमी, अशी तिहेरी कोंडी होऊन रक्तातील क्रिएटिनीन (मूत्रपिंड गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) काही दिवसांतच चढू शकते.