लांब फुग्याचा कुत्रा करताना फुगा कानाशीच का फुटतो?

वेंगुर्ल्याची_मावशी
मे महिन्यात भाचीचा वाढदिवस आहे, घरच्या खळ्यातच. मांडव आहेच, चाकरमानी मंडळीही आलेली असतील, म्हणजे पोरंटोरं भरपूर. कुडाळच्या बाजारातून लांब फुग्यांचं पाकीट आणलंय, त्यावर २६० लिहिलंय. तोंडाने फुगवताना गाल दुखून येतात. नाक नीट होतं, पण कान वळवायला गेलं की फाट्! फुगेच वाईट आहेत की माझा हात? आणि कुत्र्याशिवाय सोपं काय करता येईल?

देवगडचा_फुगेवाला
मावशी, फुगे बरे असावेत. जत्रेत ठेला लावतो, म्हणून सांगतो.

२६० म्हणजे पूर्ण फुगवला तर दोन इंच जाड आणि साठ इंच लांब. पण तो पूर्ण फुगवायचाच नसतो, खरी मेख तिथे आहे. प्रत्येक पिळ्याला थोडी हवा पुढे सरकते. सरकायला रिकामं शेपूट नसेल तर ती रबरावरच जोर करते, आणि कानाशी रबर सगळ्यात जास्त चोळलं जातं, म्हणून तिथे फुटतो. कुत्र्यासाठी टोकाला चार इंच तरी बिनफुगवलेलं ठेवा. गाठ मारायच्या आधी तोंडाकडून किंचित हवा सोडा, 'फुस्स' एवढीच. दाबून बघा, फुगा कडक नको, थोडा मऊ हवा.

मग गाठीकडून सुरुवात. एक नाकाचा फुगवटा, दोन कानांचे. कान एकमेकांशेजारी दुमडून बुडाशी एकत्र पिळायचे, की तिन्ही अडकून बसतात. पुढे मान आणि दोन पाय, तेही तसेच अडकवायचे. मग पोट आणि मागचे दोन पाय. उरलं ते शेपूट. पिळा शेवटपर्यंत एकाच दिशेने द्यायचा. कान अडकेपर्यंत पहिला आणि शेवटचा फुगवटा बोटांत धरून ठेवा, एक जरी सुटला तर सगळं उलगडतं.

तोंडाने फुगवूच नका. बारीक फुग्याला सुरुवातीला गोल फुग्यापेक्षा जास्त दाब लागतो, त्यात गाल जातात. फुग्यांचा हातपंप मिळतो, दांडा ओढला तरी हवा येते आणि ढकलला तरी येते. तो घ्या.

आता आपल्याकडची खास गोष्ट: खोबरेल. रबराला तेल अजिबात चालत नाही, तेल लागलं की ते फुगतं आणि कमजोर होतं. जत्रेत पोरी तेल चोपडून, वेणी घालून येतात आणि मला फुग्याचा मुकुट मागतात. डोक्यावर ठेवला की थोड्याच वेळात फटाका, आणि आई माझ्याकडे अशी बघते की जणू मीच टाचणी लावली. वाढदिवसाला मुकुट करणार असाल तर त्या दिवशी पोरांच्या डोक्याला तेल नको. तुम्हीही नारळ खवून उठून थेट फुग्याला हात लावू नका, साबणाने धुवा. नखं कापा, अंगठ्या काढा.

आणि काम पडवीत बसून करा, खळ्यात नको. उन्हात आतली हवा प्रसरण पावते, त्यात गडद रंगाचे फुगे लवकर तापतात. चकाकी जाऊन फुगा मखमलीसारखा दिसायला लागला तर घाबरू नका, हवेने आणि उन्हाने तसं होतं. पण मग त्याला नव्याने पिळू नका. जांभ्याच्या गडग्यावर टेकवून तर मुळीच ठेवू नका.

मालवणी_बाबलो
माझो झील म्हणता, कुत्रो नको, कुर्ली करून दी. होयत काय?

देवगडचा_फुगेवाला
होता, पण आठ पाय आणि दोन डेंगे एका फुग्यात बसूचे नाय. एका फुग्याची दोन्ही टोकां दुमडून वेटोळी कर, ते डेंगे. मधी आंग. दुसरो फुगो वळवून पाय काढ, नायतर सरळ पेनान कागदार काढून चिकटव. झिलाक डेंगेच होये असतत. मावशी, तुमच्यासाठी सोपं म्हणजे तलवार. पोरगे खूश, आणि मूठ सोडली तर पिळायला काही नाही.

आंजर्ल्याहून
बाकी सगळं छान. फक्त फुटलेले तुकडे लगेच उचला. लहान पोरं ते तोंडात घालतात आणि घशात अडकतं. बिनफुगवलेले फुगेही त्यांच्या हाताला लागू देऊ नका. दुसरं, संध्याकाळी पोरं फुगे घेऊन किनाऱ्यावर पळतील, ते नको. आमच्याकडे आणि वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात. तरंगणारा रबराचा तुकडा कासव खाणं समजून गिळतं. "अहो, रबर म्हणजे झाडाचा चीक, आपल्या दोडामार्गातही निघतो, कुजून जाईल," असं म्हणणारे भेटतात. कुजतो, पण समुद्रात त्याला फार वेळ लागतो, तोवर कासव थांबत नाही.

वेंगुर्ल्याची_मावशी
पंप मागवला. मुकुट रद्द, आमच्याकडे सकाळी तेल लावल्याशिवाय आजी कुणाला सोडत नाही. तलवारी करते. आणि बाबल्या, कुर्लीचा फोटो टाक हां.